विहिरीवरचा नेचा

लंडनमध्ये नाताळ जवळ आला की पुस्तकांच्या दुकानांत सोन्याच्या नक्षीची कापडी पुस्तकं काचेमागे रांगेने मांडली जात. त्यांतलं दर चौथं-पाचवं तरी गोमर पेन्रीच्या हातचं असे. आतला मजकूर कुणाचाही असो, वरचा पोशाख त्याचा. वेली, पाखरं, कमानी, डाळिंबं, आणि खाली कोपऱ्यात मुंगीच्या पावलाएवढी त्याच्या नावाची दोन अक्षरं.

गोमरचा बाप वेल्सच्या डोंगरात काळ्या दगडावर थडग्यांची अक्षरं कोरायचा. "अक्षर चुकलं तर मेलेला तक्रार करत नाही," असं तो म्हणायचा, "पण त्याची बायको दर रविवारी येऊन बघते." त्या बापाच्या हाताखाली गोमरचं बोट वळलं. सतराव्या वर्षी एक लाकडी पेटी घेऊन तो लंडनला आला, तेव्हा इथल्या वेल्श चॅपेलच्या हावेल पाळकांनी त्याला आपल्याच घराच्या माळ्यावर ठेवून घेतलं. सरकारी कलाशाळेला चिठ्ठी दिली. दोन हिवाळे मारेडमावशींच्या, म्हणजे पाळकांच्या बायकोच्या, हातचं सूप प्यायलं तेव्हा कुठे त्याच्या गालावर मांस आलं. पुढे पुस्तकांची कामं मिळाली, भिंतीच्या कागदांची मिळाली, चुलीभोवतीच्या फरश्यांची मिळाली. चाळिशी उलटेपर्यंत क्लार्कनवेलमध्ये उत्तरेच्या उजेडाची स्वतःची कामाची खोली झाली, आणि चॅपेलमध्ये व्यासपीठाखालच्या वडीलमंडळींच्या बाकावर जागा झाली. त्या बाकावरच्या माणसाचं तोंड सगळ्या मंडळीकडे असतं. सगळे त्याला बघतात आणि तो सगळ्यांना.

मधल्या काळातली एक गोष्ट मात्र त्याने कुणाला सांगितली नव्हती. आठ वर्षांमागे एका हिवाळ्यात पुस्तकांची कामं आटली होती. तेव्हा काचेचा एक कारागीर त्याच्याकडे आला. हॉबर्नच्या मागच्या गल्लीत 'रुपेरी बगळा' नावाचा दारूचा गुत्ता नव्याने बांधला जात होता. त्याच्या उंच खिडक्यांच्या दुधी काचांवर तेजाबाने उठवायला नक्षी हवी होती. गोमरने ती काढून दिली. नेच्याची लांब लांब पानं, खालून वर उसळत गेलेली, आणि डावीकडच्या तिसऱ्या पानावर गंमत म्हणून वर चढणारी एक गोगलगाय. सही केली नाही. दारू न पिण्याची शपथ घेतलेल्यांच्या नावांची पाटी चॅपेलच्या दारातच लागलेली होती, आणि तीत वरून चौथं नाव त्याचं होतं. चित्र तर सुरेख साधलं होतं. पातळ कागदावरची मूळ प्रत त्याला फाडवेना. ती त्याने गुंडाळून सगळ्यात खालच्या खणात सारली, आणि त्या गल्लीत पुन्हा कधी पाय ठेवला नाही.

गेल्या वर्षी हावेल पाळक देवाघरी गेले.

त्यांचं प्रवचन ज्याने ऐकलं तो ते विसरला नाही. सुरुवात अगदी साधी व्हायची, शेजारच्याशी बोलावं तशी. मग एखाद्या वचनाशी ते थांबायचे, तेच वचन पुन्हा घ्यायचे, तिसऱ्यांदा घ्यायचे, आणि तिसऱ्यांदा घेताना आवाज आपोआप सुरात चढायचा. गाणं म्हणावं तर गाणं नव्हे आणि बोलणं तर केव्हाच मागे पडलेलं. दूधवाले, सुतार, मोलकरणी, सगळे त्या सुराबरोबर वर जायचे. वर गेल्यावर खाली वाकून बघितलं की आपलं रोजचं दुःख टिचभर दिसायचं. चॅपेलच्या लोकांनी त्यांची प्रवचनं वेळोवेळी टिपून ठेवली होती. त्यांचं पुस्तक काढायचं ठरलं, आणि पुस्तकाचा पोशाख कोण करणार हे विचारायची गरजच नव्हती.

मारेडमावशींना आताशा डोळ्यांनी फार थोडं दिसे. त्या गोमरला म्हणाल्या, "आमच्या गावच्या विहिरीवर नेचा उगवतो बघ. ह्यांना पहिल्यांदा देवाचं बोलावणं आलं ते तिथेच. पोरवयात गुडघे टेकून बसायचे तिथे. तो नेचा घाल पुस्तकावर. दुसरा कुठला नको."

"मी स्वतः जाऊन बघून काढतो, मावशी," गोमर म्हणाला. म्हणताना तो खरंच तसं म्हणत होता.

त्याच उन्हाळ्यात पॅरिसच्या प्रदर्शनासाठी एका मोठ्या पुस्तकाचं काम आलं. गावी जाणं एक महिना लांबलं, मग दुसरा. पितळी ठसा कोरणाऱ्याचा निरोप आला की सोमवारी चित्र हातात पडलं नाही तर पुस्तक नाताळनंतरच निघेल. रविवारी काम करायचं नाही, म्हणजे हातात उरला शनिवार. शनिवारी दुपारी गोमरने सगळ्यात खालचा खण उघडला. कागद पसरला. आठ वर्षांनीही नेचा ताजा होता. पानांचं टोक न् टोक जिवंत होतं. पुन्हा काढावं असंही त्याला वाटलं नाही. त्याने नुसती खाली आपली दोन अक्षरं घातली, त्यावरून ठसेवाल्यासाठी नक्कल उतरवली, आणि मूळ कागद परत खणात टाकला. गोगलगाय काढून टाकायचं त्याच्या मनातही आलं नाही. चित्रातला सगळ्यात गोड भाग तोच होता.

"विहिरीवर कधी जाऊन आलात?" गेनोरने, त्याच्या बायकोने, जेवताना विचारलं.

"आठवणीतून काढलं."

"अस्सं. मागच्या महिन्यात स्वतःची छत्री कुठे ठेवली ते आठवत नव्हतं तुम्हाला."

"पाहिलेली पानं विसरत नाही मी."

"बरं बाई. पानं नाही विसरत," असं म्हणत तिने बटाटे पुढे सरकवले. विषय तिथेच संपला.

पितळी ठसा झाला. गडद हिरव्या कापडावर अंड्याचा पांढरा बलक फिरवून सोन्याचा वर्ख बसवला, तापवलेला ठसा दाबला आणि सहाशे प्रती तयार झाल्या. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पहिली प्रत मारेडमावशींच्या मांडीवर ठेवली. त्यांनी हातमोजा काढला आणि बोट फिरवलं. ठसा खोल बसला होता, बोटाला रेघ न् रेघ लागत होती.

"खालून निघतं," त्या हळू म्हणाल्या. "मग इथे थोडं थांबतं. मग वर जातं." त्यांचं बोट टोकाशी पोचलं आणि तिथेच राहिलं. "अक्षरं छापता आली, गोमर, सूर काही छापता येत नाही असं मी म्हणत होते. तू छापलास बघ. हे आमच्या विहिरीवरचंच. मला ओळखू आलं."

सगळी मंडळी त्याच्याकडे बघत होती. गोमरने मान खाली घातली. लोकांना वाटलं, केवढी नम्रता.

त्यानंतरच्या बुधवारी इथेल बेननने त्याला चॅपेलच्या जिन्यात गाठलं. इथेल दूधवाला. खांद्यावर कावड, कावडीला दोन बादल्या, आणि पहाटेपासून दारोदार आरोळी. पाच वर्षांमागे तो दारूतून सुटला होता. कसा सुटला हे सगळ्यांना ठाऊक होतं, कारण हावेल पाळकांनी त्याला तीन वेळा गटारातून उचलून आणला होता, आणि चौथ्यांदा तो स्वतःच्या पायांनी आला होता. आता मात्र तो पुस्तक कागदात गुंडाळून काखेत धरून उभा होता.

"गोमरभाऊ, रागावणार नसाल तर हे परत घ्या."

"का रे? पानं सुटली का?"

"नाही, नाही. बांधणी घट्ट आहे. खोट माझ्यात आहे." त्याने इकडेतिकडे बघितलं आणि आवाज उतरवला. "भाऊ, तुम्ही वडीलमंडळींतले, म्हणून सांगतो. तुम्ही हे विहिरीवरचं पवित्र पान काढलंत. आणि मी ते हातात घेतलं की मला गुत्ता दिसतो. ती खिडकी दिसते. तिथे मी दोन-अडीच वर्षं एकाच कोपऱ्यात बसत होतो, खिडकीला टेकून. काचेवर असाच नेचा आणि असलीच गोगलगाय. तिच्यावर बोट ठेवून मी रोज म्हणायचो, ही वर पोचली की सोडीन. तुमच्या चित्रात मला तीच दिसते, भाऊ. तोच नेचा. काल घशाला कोरड पडली आणि जिभेवर ती चव आली. पाच वर्षांत आली नव्हती."

गोमर एक पायरी मागे सरकला. त्याने कठडा धरला.

ह्याच वेळी बोलायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. 'इथेल, तुझी नजर ठीक आहे, तो नेचा माझाच.' वाक्य ओठांपर्यंत आलं. तेवढ्यात वरून कोणीतरी जिना उतरू लागलं, आणि गोमरच्या तोंडून भलतंच निघालं.

"मनाचे खेळ असतात, इथेल. प्रार्थना कर."

"करतो," इथेल म्हणाला. "तुम्हीही माझ्यासाठी करा." आणि पुस्तक त्याच्या हातात देऊन तो गेला.

गोमर पुढचे दिवस स्वतःची समजूत घालत राहिला. काम कुणासाठीही असो, हात एकच असतो. नेचा नेच्यासारखाच दिसणार. इथेलने नेट लावला की जाईल ते. पण रात्री उशीवर डोकं टेकलं की पहिल्यांदा मावशींचं बोट दिसे आणि मग इथेलचा चेहरा. सकाळी आरशासमोर दाढी करताना तो स्वतःच्या नजरेला नजर न देता करायला शिकला.

दर बुधवारी संध्याकाळी चॅपेलमध्ये अनुभवसभा असते. तिथे प्रवचन नसतं. ज्याच्या मनात जे चाललं असेल ते त्याने उभं राहून सांगायचं, आणि बाकीच्यांनी ऐकायचं. दोन आठवड्यांनी त्या सभेत इथेल उभा राहिला. कावडीने पडलेला खांदा तिरका, टोपी दोन्ही हातांत.

"माझं नाव मंडळीतून कमी करा," तो म्हणाला.

नवे पाळक तरुण होते. ते गोंधळले. "का, इथेलभाऊ? पिणं झालं का?"

"झालं नाही. पण माझा डोळा बाटलेला आहे. पाळकबाबांच्या पुस्तकावर मला दारूच्या गुत्त्याची खिडकी दिसते. ज्याला देवाच्या पुस्तकावर सैतानाचं घर दिसतं, त्याने प्रभूच्या मेजाशी कशाला बसावं? पाळकबाबा असते तर त्यांनी मला काय ते सांगितलं असतं. आता सांगणारं कोणी नाही."

मागच्या बाकावरून एक म्हातारा पुटपुटला, "बघून तर यायचं, जाऊन. खिडकीत खरंच आहे का ते."

"त्या गल्लीत पाऊल टाकणार नाही अशी शपथ आहे माझी," इथेल म्हणाला. "पाळकबाबांच्या हातावर हात ठेवून घेतलेली. आणि शपथ नसती तरी... आत गेलो तर खिडकी बघून परत येईन अशी खात्री नाही मला."

मारेडमावशी पहिल्या बाकावर बसल्या होत्या. त्या आवाजाच्या दिशेने वळल्या. "पोरा, तो नेचा आमच्या विहिरीवरचा आहे. त्याला हात लावून बघ, मन स्वच्छ होईल."

"लावला मावशी. म्हणूनच सांगतो."

गोमर वडीलमंडळींच्या बाकावर, सगळ्यांच्या समोर, तोंड सगळ्यांकडे करून बसला होता. अख्ख्या मंडळीत ह्या प्रश्नाचं उत्तर त्याच्या एकट्याजवळ होतं.  पाळकांनी विचारलं, "वडीलमंडळींपैकी कोणाला काही बोलायचंय?" डावीकडचा बोलला, उजवीकडचा बोलला. मोहांबद्दल, धीराबद्दल. गोमरची पाळी आली तेव्हा त्याने मान हलवून नको म्हटलं. एक महिना थांबू असं ठरलं. तोवर इथेलने प्रभुभोजनाला, म्हणजे भाकरी-द्राक्षरसाच्या विधीला, बसायचं नाही.

त्या रात्री गेनोरने त्याचा कोट खुंटीला अडकवता अडकवता विचारलं, "त्या बिचाऱ्या दूधवाल्याला काही बोलला नाहीत तुम्ही?"

"काय बोलणार?"

 "लग्नाला अठरा वर्षं झाली," ती म्हणाली. "तुम्ही खोटं बोलता तेव्हा तुमचा डावा अंगठा तर्जनीवर घासता. शाई पुसल्यासारखा. मघापासून घासताय."

मग त्याने तिला सांगितलं. सगळं, सरळ. खुर्चीवर बसून, गुडघ्यांकडे बघत.  उठून तिने चुलीवरचं दूध बाजूला काढून ठेवलं.

"हे दूधही त्याचंच आहे," एवढंच म्हणाली.

पहाटे गोमर, इथेल जिथून दूध न्यायचा त्या गोठ्यावर गेला. इथेल तिथे नव्हता, गाई दोहून झालेल्या. गोठ्याच्या मालकाने सांगितलं, "बेनन? हल्ली तो फेरी हॉबर्नवरूनच उलटी सुरू करतो. का ते देवालाच ठाऊक. तिकडे आपलं एकही गिऱ्हाईक नाही."

गोमर धावलाच. चाळिशीतला, वडीलमंडळींतला माणूस, टोपी हातात धरून भर रस्त्यात धावत गेला. 'रुपेरी बगळ्या'च्या गल्लीच्या तोंडाशी त्याला इथेल दिसला. कावड खाली ठेवलेली, दोन्ही बादल्या पायांशी, आणि तो गल्लीकडे बघत उभा. त्याच्या बुटांची टोकं गल्लीच्या पहिल्या दगडाला टेकली होती, पण त्यावर गेली नव्हती. आत अर्ध्या गल्लीवर गुत्त्याचं दार उघडून एक बाई फरशी धूत होती. खिडक्या इथून दिसत होत्या, नक्षी दिसत नव्हती.

"इथेल."

"चार दिवस झाले, रोज इथवर येतो." त्याने वळून बघितलं नाही. "एकदा बघितलं म्हणजे कळेल. नेचा नसला तर मी वेडा. असला तर..." तो थांबला. "असला तर काय, तेच कळत नाही. आज आत जायचं ठरवून आलोय."

"जाऊ नकोस. बघायचं काही नाही तिथे."

"तुम्हाला काय माहीत?"

"खिडकीत नेचा आहे," गोमर म्हणाला. "डावीकडून तिसऱ्या पानावर गोगलगाय आहे. मी काढलाय तो. आठ वर्षांमागे, पैशासाठी, नाव न घालता. आणि तोच कागद मी पुस्तकाला दिला. विहिरीवर मी गेलोच नाही. तुझ्या डोळ्याला काही झालेलं नाही, इथेल. मंडळीत एकट्या तुझाच डोळा खरं बघत होता."

फरशी धुणाऱ्या बाईने बादली गल्लीत ओतली. पाणी दगडांतून वाट काढत त्यांच्या पायांशी आलं. इथेलने आपली कावड उचलून मागे ठेवली, दूध खराब होऊ नये म्हणून. मग तो गोमरसमोर येऊन उभा राहिला.

"जिन्यात मी तुम्हाला सांगितलं, त्याला किती दिवस झाले?"

"पंधरा."

"म्हणजे मोजत होतात."

गोमरने हो म्हणून मान हलवली.

"मी काल रात्री देवाला म्हणालो, माझे डोळे काढून घे," इथेल म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर गोमरला सोसला असता. "आंधळा दूधवाला चालेल, बाटलेला नको. आणि तुम्ही मला म्हणालात, प्रार्थना कर."

"हो."

"बुधवारी सांगाल?"

"सांगीन."

"मावशींसमोर?"

गोमरच्या डोळ्यांसमोर ते बोट आलं, टोकाशी थांबलेलं. "मावशींसमोर," तो म्हणाला.

"मग मी येईन ऐकायला." इथेलने कावड खांद्यावर घेतली आणि गल्लीकडे पाठ करून चालू लागला. दहा पावलांवर त्याची आरोळी सुरू झाली. पहिल्यांदा फाटकी, मग सरळ.

बुधवारी गोमर वडीलमंडळींच्या बाकावर बसला नाही. तो खाली, सगळ्यांमध्ये उभा राहिला. हातात मूळ कागद होता, त्यावर त्याच्याच अक्षरात गुत्त्याचं नाव, खिडकीचं माप आणि तारीख. बोलणं त्याने घरी दहा वेळा जुळवलं होतं. त्यातलं एकही वाक्य कामाला आलं नाही. तो अडखळत, मागेपुढे करत बोलला, आणि संपला. कागद पाळकांच्या मेजावर ठेवला.

 मग मारेडमावशींनी विचारलं, "म्हणजे विहिरीवर तू गेलाच नाहीस."

"नाही मावशी."

"तिथला नेचा असतो कसा, ते तरी ठाऊक आहे?"

"लहानपणी एकदा पाहिला होता. विसरलो."

"मी रोज बोट फिरवते त्याच्यावर," त्या म्हणाल्या. "सकाळी उठल्या उठल्या. तू माझ्या माळ्यावर राहिलास, म्हणून तुझ्या शब्दावर मी बोट फिरवलं."  मावशींनी हातमोजा घातला. गोमरला वाटलं, बापाच्या हातच्या छिन्नीने कोणी आपल्यावर अक्षरं कोरावीत तसं होतंय.

इथेल उठला. "एक विचारायचंय. जिन्यात तुम्ही गप्प राहिलात ते कशाच्या लाजेने? गुत्त्याच्या, की माझ्यासारख्याने तुमची चोरी धरली म्हणून?"

खोटं बोलायला आता जागा उरली नव्हती. गोमरने मनात खोलवर बघितलं, आणि जे दिसलं त्याने त्याचे कान तापले.

"गुत्त्याच्या," तो म्हणाला. "तुझा तर मी विचारच केला नाही, इथेल. तुझं काय होईल हे मनातही आलं नाही. आलं ते फार नंतर."

"खरं बोललात," इथेल म्हणाला आणि बसला.

रीत अशी की ज्याच्याबद्दल ठरवायचं त्याने बाहेर जायचं. गोमर बाहेर दालनात जाऊन उभा राहिला. ओल्या छत्र्या एका कोपऱ्यात रचलेल्या होत्या, शपथेची पाटी भिंतीवर होती, आणि दारापलीकडून आवाजांची नुसती गुणगुण येत होती. एरवी तो दाराच्या आत असे, दुसऱ्यांची नावं ठरवायला. बाहेर उभं राहणाऱ्याच्या पायांना इतकी थंडी लागते हे त्याला माहीत नव्हतं. कितीतरी माणसं त्याने इथे उभी केली होती. एकाचाही चेहरा आज आठवेना.

दार उघडलं. निरोप घेऊन इथेल आला होता.

"सहा महिने वडीलमंडळींच्या बाकावर बसायचं नाही. प्रभुभोजन नाही. मग बघू म्हणाले." त्याने दार मागे लोटलं. "माझं नाव होतं तिथे राहिलं."

"मावशी?"

"मावशींनी हात वर केला नाही आणि बोलल्याही नाहीत. पुस्तक मात्र मांडीवरच आहे. बदलायचं का म्हणून पाळकांनी विचारलं, तर म्हणाल्या, राहू दे असंच. कोणी विचारलं की गोमर सांगेल, कुठलं पान आहे ते."

गोमरने मान हलवली. सहाशे प्रती, आणि विचारणारा प्रत्येक माणूस. आपल्या उरलेल्या आयुष्याचा रस्ता त्याला दारातून दिसल्यासारखा झाला.

"आणि तू? तू हात वर केलास?"

"केला की. तुम्हाला काढायच्या बाजूने." इथेलने त्याच्याकडे सरळ बघितलं. "आता खोटं कशाला सांगू?"

"बरं केलंस."

"राग गेलेला नाही माझा, भाऊ. जाईल कधी ते ठाऊक नाही. पण आत चला. शेवटचं गीत व्हायचंय, आणि खालच्या सुराला आज तीनच माणसं आहेत. तिघांतला एक पडशाने बसलाय."

मागच्या बाकावर दूधवाले बसायचे. तिथे दुधाचा, गाईंचा आणि ओल्या लोकरीचा वास होता. इथेल सरकला तेवढ्या जागेत गोमर उभा राहिला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्याला समोर माणसांची तोंडं दिसत नव्हती, पाठी दिसत होत्या. त्यात सगळ्यात पुढे मारेडमावशींची वाकलेली पाठ. गीत सुरू झालं. पहिल्या कडव्याला त्याचा आवाज फुटलाच नाही, ओठ नुसते हलत राहिले.

दुसऱ्या कडव्याच्या आधी इथेलने त्याला कोपराने ढोसलं. जरा जोरातच.